नऊ मुलं, एक न्हाणीघर आणि 15 जूनची सकाळ

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गुहागर तालुक्यातलं घर, तीन भावांचा एकत्र संसार, नऊ मुलं. दोघं बारावीला. तिघं हायस्कूलला, सहावी, आठवी आणि नववीत. तिघं वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, चौथी आणि दुसरीतले दोघं भाऊ, आणि यंदा नव्याने पहिलीत जाणारी मुलगी. शेंडेफळ अंगणवाडीत. गेल्या वर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांना साडेचारला उठवलंत, नऊ डबे भरलेत, आणि तरी हायस्कूलवाल्या एकाची एसटी चुकली, एक जण छत्रीशिवाय गेला, तेव्हा पहिलीत असलेल्याने उंबरठ्यावर बसकण मारली, आणि सगळे गेल्यावर तुम्ही चुलीपुढे बसून रडलात. यंदा शाळा 15 जूनला, सोमवारी उघडतेय, तर किती वाजता उठलं म्हणजे सगळं वेळेत होईल, असं तुम्ही विचारलंय. शेवटी, अंगणवाडीतल्याला पहिल्याच दिवशी पाठवावं का, हेही.

मी 33 वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होते, आणि घरी सात मुलांच्या खटल्यातली मधली सून. म्हणजे शाळेचा पहिला दिवस मी दाराच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय. त्यावरून सांगते: तुम्ही साडेपाचला उठा. गेल्या वर्षीपेक्षा एक तास उशिरा. आणि मुलांना एकदम उठवू नका.

गेल्या वर्षी तुमचं जे काही चुकलं ते उशिरा उठल्यामुळे चुकलं नव्हतं. बारावीच्या दोघांची एसटी साडेसहाची, हायस्कूलच्या तिघांची साडेनऊची, वाडीतली शाळा साडेदहाला भरते आणि दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. साडेसहापासून दहापर्यंत साडेतीन तास तुमच्या हातात आहेत. एवढ्या वेळात नऊ मुलं आरामात बाहेर पडतात. पण नऊच्या नऊ पोरं पहाटे जागी केली, तर ज्यांना दहाला निघायचंय ती पाच तास घरभर फिरतात. न्हाणीघर अडवतात, एकमेकांच्या दप्तरात हात घालतात, दोनदा भूक लागते. आणि पहाटेपासून जागं असलेलं सहा वर्षांचं पोर साडेनऊला किरकिरणारच. आपल्याला वाटतं शाळेला घाबरलं. खरं म्हणजे त्याला झोप आलेली असते.

म्हणून तीन पाळ्या करा. बारावीची दोघं पावणेसहाला उठतील, स्वतःचं आवरतील, जातील. त्या वेळी घरात दुसरं कुणी जागं नको. हायस्कूलवाली तिघं सातला. धाकटी साडेसात-आठला, आणि तीही हायस्कूलवाल्यांच्या आंघोळी उरकत आल्यावर. तुमचं न्हाणीघर एक आहे, तेव्हा वेळापत्रक घड्याळापेक्षा न्हाणीघरावर बसवायचं. एका मुलाला आठ मिनिटं धरली तरी नऊ जणांना बहात्तर मिनिटं लागतात. ती सलग आली की गर्दी होते. तीन पाळ्यांत वाटली की पाणी तापवायलाही उसंत मिळते. मुलींचे केस मात्र रविवारी दुपारीच धुऊन टाका. जूनच्या हवेत लांब केस वाळायला अर्धा दिवस जातो, आणि ओल्या केसांची वेणी घालून पाठवलेली मुलगी तिसऱ्या दिवशी शिंकत बसते.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत. मिरग लागून आठवडा झालेला असतो. पाऊस वेळेवर आला असेल तर त्याच सकाळी पुरुषमाणसं पेरणीला जाणार, आणि ते चुकीचंही नाही, भात काही शाळेसाठी थांबत नाही. तसं असेल तर एकाच पुरुषाला दहा वाजेपर्यंत घरी ठेवा, बाकीचे जाऊ देत. तुमच्या घरात होडी असेल तर उलट सोपं आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या ओढून शाकारलेल्या असतात, माणसं घरात असतात. दुसरी गोष्ट वीज. पहिल्या पावसात ती जातेच असं धरून चाला. इस्त्री शनिवारी उरका, पंपावर पाणी असेल तर रविवारी संध्याकाळी पिंप भरून ठेवा, बॅटरी चार्ज करा. तिसरी गोष्ट एसटी. सुट्टीत शाळेच्या फेऱ्या बंद असतात. साडेनऊची फेरी 15 तारखेपासून खरंच सुरू होतेय का, हे आधी डेपोत विचारून घ्या. शेजारच्यांनी सांगितलं, यावर जाऊ नका. तुमची गेल्या वर्षीची चुकलेली एसटी पंधरा मिनिटं अलीकडे आली होती, असं तुम्हीच लिहिलंय.

आता डब्यांकडे येते, कारण तिथे तुम्ही तुमचा जीव उगाच काढलात. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो. आता त्याचं नाव पीएम पोषण झालंय, पण मुलांच्या लेखी ती खिचडीच. अंगणवाडीतही गरम खाऊ मिळतो. म्हणजे तुमच्या नऊ जणांपैकी पूर्ण डबा लागतो तो बारावीच्या दोघांना आणि नववीतल्या एकाला. तीन डबे. सहावी-आठवीतल्यांचं हायस्कूल अनुदानित असेल तर त्यांना मधल्या सुट्टीचं थोडं खाणं पुरे, धाकट्यांना रिकामं ताट नाहीतर डबा. शाळा विनाअनुदानित असेल तर हा हिशेब लागू होत नाही, तेवढं बघा. भाकरी आणि चवळीची उसळ, किंवा बटाट्याची सुकी भाजी, एवढं तीन जणांसाठी करायला अर्धा तास लागतो.

आणि सकाळी घावणे घालू नका. मुलांना आवडतात हे खरं, पण घावणा गरमच खायचा असतो, आणि नऊ मुलांना गरम घावणा द्यायचा म्हणजे एक बाई दोन तास तव्यापुढे अडकते. त्या दोन तासांत तिला घरातला प्रत्येक जण काहीतरी विचारत असतो. मोठ्या टोपात मऊ भात टाका, वर तूप-मेतकूट, बाजूला पापड किंवा लोणच्याची फोड. पोट धरून ठेवतो आणि तिन्ही पाळ्यांना एकाच टोपातून वाढता येतो. घावणे संध्याकाळी करा, भिजून घरी आल्यावर. तेव्हा त्यांची खरी किंमत असते.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "सगळं मलाच विचारतात." एकत्र घरात कामं वाटलेली असतात, आणि चांगली वाटलेली असतात. एक जाऊ भाकऱ्या करते, एक पाण्याचं बघते, एक गोठा बघते. रोजच्या दिवसाला ही वाटणी पुरते. पण शाळेच्या सकाळी मुलांना काम नको असतं, माहिती हवी असते. माझा मोजा कुठाय, पास कुठाय, सही कोण करणार, आज पीटीचा ड्रेस का. आणि ही सगळी उत्तरं एकाच बाईच्या डोक्यात असतात. हात सहा आहेत, पण डोकं एकच चालतंय. तिथे घर अडतं.

आमच्याकडे आम्ही एका वर्षी हे बदललं. त्या एका सकाळपुरती कामं न वाटता मुलं वाटली. धाकटी तिघं धाकट्या दिरांची, हायस्कूलवाली थोरल्या जाऊबाईंची, मी फक्त चुलीशी. आणि मुलांना आदल्या रात्री जेवताना स्पष्ट सांगितलं, तुझं काय असेल ते काकांना विचारायचं, दुसऱ्या कुणालाही विचारलंस तर उत्तर मिळणार नाही. पहिले दोन दिवस मुलं तरीही माझ्याकडे आली. मी उत्तर येत असूनही दिलं नाही. हे फार कठीण जातं, पण तुम्हालाही करावं लागेल. तुम्ही एकदा सांगितलंत की पोर पुन्हा तुमच्याकडेच येणार, आणि दीर-जाऊ हळूहळू बाजूला होणार. दिरांना सुरुवातीला कुणाचं दप्तर कुठलं ते माहीत नव्हतं. आठवडाभरात माहीत झालं. मी वर्षानुवर्षं त्यांना जमणार नाही असं धरून चालले होते, आणि त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना दारावर बसवा. आमचे सासरे गुडघ्यांनी अधू होते, पण ओटीवर खुर्ची टाकून बसायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला थांबवून एवढंच विचारायचे: छत्री, पाणी, पैसे. तीनच गोष्टी. तीनपेक्षा जास्त विचारलं तर मुलं थांबत नाहीत. त्यांच्या समोरून छत्रीशिवाय कुणी गेलं नाही. त्यांनाही त्या सकाळी घरात आपली गरज आहे असं वाटायचं, आणि ती होतीच.

पैसे म्हणाले, कारण पहिल्या दिवशी एसटीचा पास हातात नसतो. पाचवी ते बारावीच्या मुलींना पास मोफत आहे आणि मुलग्यांना सवलतीत, भाड्याच्या एक तृतीयांश पैशांत. पण त्यासाठी शाळेचा दाखला लागतो आणि तो शाळा उघडल्यावरच मिळतो. 2024 पासून पास शाळेतच द्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे डेपोत रांग लावायला नको, तरी दोन-चार दिवस जातात. तेवढे दिवस जाण्या-येण्याचं भाडं सुटं करून प्रत्येकाच्या खिशात घाला. एकाकडे पाचही जणांचे देऊ नका.

खरेदीचं थोडक्यात. शृंगारतळीच्या बाजारात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि तिथे घाईने घेतलेलं निम्मं नंतर पडून राहतं. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंतची पुस्तकं मोफत मिळतात, बहुधा पहिल्याच दिवशी. तेव्हा ती घेऊ नका. वह्या किती रेघी, किती पानी, हे बाई सांगतील तेव्हा घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणवेशही मिळतो, पण तो पहिल्या दिवशी हातात असेलच असं नाही. जुन्या गणवेशात किंवा साध्या स्वच्छ कपड्यांत पाठवलंत तरी कुणी काही म्हणणार नाही. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असं 2020 च्या धोरणात आहे. वीस किलोच्या पोरीला दोन किलो. पहिल्या दिवशी तर एक वही, एक पेन्सिल, पाण्याची बाटली आणि ताट, बस.

पावसासाठी मात्र खर्च करा. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, आणि पाखाडीवरून, म्हणजे उताराच्या पायवाटेवरून, उतरताना लहान पोराचे दोन्ही हात मोकळे असायला हवेत. चौथीपर्यंत रेनकोटच, आणि तो दप्तरावरून घालता येईल एवढा ढगळ. दप्तराच्या आत पुस्तकांना प्लॅस्टिकची पिशवी. पायात बंद बूट नको, प्लॅस्टिकचे सँडल. मी इतक्या वर्षांत पावसाळ्यात बुटांसाठी एकाही मुलाला बोलले नाही, आणि बोलणारा शिक्षक भेटलाच तर त्याला तुमच्या दिरांनी जाऊन लाल मातीची पाखाडी दाखवावी. धाकट्यांच्या दप्तरात एक कोरडा जोड घाला. भिजलेलं पोर दिवसभर ओल्या चड्डीवर बसलेलं मी पाहिलंय, ते काही शिकत नाही. गणवेशाचा एक जोड वाळायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे चुलीवरची दोरी आतापासूनच रिकामी करून ठेवा. वाटेत पऱ्या, म्हणजे ओढा, असेल आणि त्यावरच्या साकवावरून पाणी जात असेल, तर त्या दिवशी शाळा नाही. पहिला दिवस असला तरी नाही. हे दारावर बसलेल्या माणसाने ठरवावं, मुलांनी नव्हे.

आता पहिलीतली. शाळा पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव करते, गुलाबाचं फूल, प्रभातफेरी, काहीतरी गोड. तिला त्या वेळेत पोचवा, उशिरा नेऊ नका. सगळ्यांबरोबर आत गेलेलं मूल आणि वर्ग भरल्यावर एकटं दारात उभं राहिलेलं मूल, यांच्या पहिल्या आठवड्यात फार फरक पडतो. तिच्याबरोबर जे कोणी जाईल त्याने "लगेच येते हं" असं खोटं सांगून निघू नये. "खिचडी खाऊन झाली, मग दोन तास झाले, की बाबा येतील," असं सांगावं, आणि खरंच त्या वेळी यावं. निरोप घेतला की मागे वळायचं नाही. खिडकीशी उभं राहिलेलं आईचं तोंड दिसत राहिलं की मूल रडणं थांबवत नाही. ते गेलं की बहुतेक मुलं खिचडीपर्यंत रमतात. आणि एखादं खिचडी झाली तरी रडतच असेल तर बाई निरोप पाठवतील, आम्ही पाठवायचो. शनिवारी तिला नेऊन शाळेचा नळ आणि स्वच्छतागृह दाखवून आणा. दिवसभर लघवी दाबून बसलेल्या पोरी मी प्रत्येक जूनमध्ये पाहिल्या. कुठे जायचं ते माहीत नसतं, आणि विचारायची लाज वाटते.

एक विनंती. चौथीतल्या भावाला "तिच्याकडे लक्ष दे" असं सांगून पाठवू नका. मोठ्या घरांत हे सहज होतं, आणि मोठं भावंड ते मनावर घेतं. माझ्या वर्गात एका वर्षी तिसरीतली एक मुलगी होती. पहिला आठवडाभर ती दर दहा मिनिटांनी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायची आणि पहिलीच्या वर्गाच्या दारात जाऊन धाकट्याला बघून यायची. घरून बजावलेलं होतं. तिचा स्वतःचा पहिला आठवडा गेला. भावाने बहिणीला शाळेत घेऊन जावं आणि घरी घेऊन यावं, मधला वेळ बाईंचा.

माझ्या घरातलं एक सांगते. एका 15 जूनला ओटीवर मुलं मोजली तर सहा भरली. सातवा, माझाच धाकटा, कुठे दिसेना. मला दहाच्या आत माझ्या शाळेत पोचायचं होतं, दुसऱ्यांच्या मुलांना फुलं द्यायला. सगळे शोधत सुटले, दोन जणांचं जेवण राहिलं, आरडाओरडा झाला. तो मांगरात गवताच्या भाऱ्यामागे बसला होता. मारावंसं वाटलं. पण जवळ गेले तर म्हणाला, "दादा कुठे गेला ते कुणी मला सांगितलंच नाही." त्याचा मुंबईचा चुलतभाऊ. महिनाभर दोघं एका अंथरुणात झोपले, एकत्र आंबे खाल्ले, आणि जूनच्या सुरुवातीला पहाटेच्या गाडीने मुंबईकर निघून गेले तेव्हा हा झोपेत होता. नंतर कुणाला त्याच्याशी बोलायचं सुचलं नाही, कारण सगळे शाळेच्या तयारीत होते. दादा शाळेच्या वेळेला परत येईल असं तो धरून बसला होता.

तेव्हापासून मी मुंबईकर जाताना मुलांना उठवायला लागले, कितीही पहाट असो. आणि शाळेच्या आदल्या दिवशी चारच्या चहाला मुलांना सांगायची की उद्यापासून घर रिकामं वाटेल. तुमच्याकडेही मे महिन्यात चाकरमानी येऊन गेले असतील. ज्या पोराने उंबरठ्यावर बसकण मारली, त्याला एकदा विचारून बघा. तो आता दुसरीत आहे, सांगू शकेल.

झोपेचं राहिलं. सुट्टीत मुलं अकरा-बाराला झोपतात. त्यांना एकदम 14 तारखेला नऊला झोपवलं तर ती अंधारात गप्पा मारत पडतात. 8 तारखेपासून रोज वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे आणा. मोबाइल आणि टीव्हीची वेळही त्याबरोबर सरकवा, मोठ्यांचीसुद्धा, कारण ओटीवर टीव्ही चालू असताना माजघरात कुणी झोपत नाही. आठवडाभर आधी घराची एवढी तयारी झाली, तर बाकीचं थोडं कमी-जास्त झालं तरी चालतं.

आणि अंगणवाडीतला. नका पाठवू पहिल्या दिवशी. अंगणवाडी वाडीतच आहे, सेविका त्याला ओळखते, दोन दिवसांनी काही बिघडत नाही. सोमवारी सगळे गेल्यावर घरात उरलेला तो एकटाच असेल. त्याला मांडीवर घेऊन टोपातला उरलेला मऊ भात दोघांनी खा. बुधवारी तुम्ही स्वतः त्याला घेऊन जा.